परसबागेतले तळे: मुलांसाठी आणि मुक्या जिवांसाठी सुरक्षित कसे करावे

परसबागेत तळे करायचे म्हटले की बहुतेकांचा पहिला प्रश्न कमळ कोणते लावावे हा असतो आणि सुरक्षेचा विचार तळे भरल्यानंतर, एखाद्या पाहुण्याने विचारले तर सुरू होतो. वास्तविक तळे सुरक्षित होणार की नाही हे खड्डा खणतानाच ठरते, कारण काठाचा उतार एकदा चुकला की नंतर लावलेली कोणतीही जाळी ती चूक पुरती भरून काढत नाही. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रातील घरगुती तळ्यांसाठी आहे: बंगल्याच्या आवारातील, फार्महाउसवरील किंवा कोकणातील घरामागच्या वाडीतील, साधारण तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि साठ सेंटीमीटरपर्यंत खोल अशा तळ्यांसाठी.

पहिली पायरी: तळे आताच करावे का, हे ठरवावे

घरात, शेजारी किंवा नेहमी येणाऱ्या नातेवाइकांत पाच वर्षांखालील मूल असेल, तर उघडे तळे करणे सरळ पुढे ढकलावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चालायला लागलेल्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. वाकून पाण्यात पाहताना तोल गेला की ते तोंडावर पडते आणि स्वतःला उचलून घेण्याची ताकद त्याच्या हातांत नसते. अशा वेळी ५ सेंटीमीटर पाणीही जीव घेण्यास पुरेसे होते. सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा आणि हातपाय आपटणे प्रत्यक्षात बहुधा होत नाही. नाकातोंडात पाणी जात असलेल्या मुलाला हाक मारण्याइतका श्वासच मिळत नाही, त्यामुळे दहा पावलांवर बसलेल्या माणसालाही काही ऐकू येत नाही.

तोवर पाण्याची हौस दोन प्रकारे भागवता येते. एक म्हणजे दगडी कारंजे: जमिनीत टाकी पुरायची, तिच्यावर भक्कम लोखंडी जाळी बसवायची आणि जाळीवर नदीतले गोटे रचायचे. पाणी गोट्यांवरून वाहून पुन्हा टाकीत जाते आणि वर कोठेही साचत नाही. शिंजीर, बुलबुल आणि दयाळ अशा ओल्या दगडांवर आनंदाने अंघोळ करतात. दुसरा पर्याय पक्ष्यांसाठी उथळ पाणवठ्याचा. तो उंच स्टँडवर, मुलाचा हात पोहोचणार नाही असा ठेवावा आणि त्यातील पाणी रोज बदलावे. दोन्हींची व्यवस्था अशी करावी की पुढे मुले मोठी झाल्यावर त्याच जागी तळे करता येईल.

दुसरी पायरी: जागा निवडावी

स्वयंपाकघराच्या किंवा बैठकीच्या खिडकीतून सरळ दिसणारी जागा सर्वांत चांगली. घरामागच्या कोपऱ्यातले तळे छायाचित्रात सुंदर दिसते, पण तेथे कोण गेले हे घरातल्यांना कळत नाही. झोपाळा, घसरगुंडी आणि चेंडू खेळण्याची मोकळी जागा यांच्यापासून तळे शक्य तितके दूर असावे, कारण मूल पाण्याकडे जाते ते अनेकदा चेंडूच्या मागे. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळाले तर पाणवनस्पती जोमाने वाढतात. मात्र मोठ्या झाडाखाली तळे केल्यास पानगळीने गाळ भराभर साचतो आणि मुळे अस्तर फाडतात. सेप्टिक टँक, गोठ्याचे सांडपाणी आणि फवारणी होणारी शेतजमीन यांच्या उताराखाली तळे कधीही घेऊ नये.

तिसरी पायरी: काठाला उतार द्यावा

या पायरीवर घाई करू नये, कारण मूल आणि बेडूक या दोघांनाही पाण्याबाहेर यायचा रस्ता इथेच तयार होतो.

लांबीच्या किमान एका टोकाला एकास तीन असा उतार द्यावा, म्हणजे तीन हात पुढे गेल्यावर एक हात खोली वाढावी. साठ सेंटीमीटर खोलीसाठी त्या बाजूला १.८ मीटर लांबी लागते. तीन मीटरच्या तळ्यात उरलेल्या १.२ मीटरमध्ये तळ आणि समोरचा काठ बसतो. समोरचा काठही सरळ भिंतीसारखा न कापता त्याला दोन पायऱ्या ठेवाव्यात: पहिली १५ सेंटीमीटर खोलीवर, दुसरी ३५ सेंटीमीटरवर, आणि प्रत्येक पायरी निदान ३० सेंटीमीटर रुंद. या पायऱ्यांवर वनस्पतींच्या कुंड्या बसतात आणि घसरलेल्या मुलाच्या पायालाही तळ लागतो. खणताना लाकडी फळीवर पाणसळ ठेवून चारी काठ एका पातळीत आहेत का, हे वारंवार पाहावे. एक बाजू दोन बोटे जरी खाली राहिली, तरी सगळे जादा पाणी तिकडून वाहते आणि तो काठ कायम निसरडा राहतो.

अस्तरासाठी आपल्याकडे शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद सहज मिळतो. त्याची लांबी काढताना तळ्याच्या लांबीत खोलीची दुप्पट आणि दोन्हीकडच्या काठासाठी ६० सेंटीमीटर मिळवावेत. वरच्या मापाच्या तळ्याला ४.८ बाय ३.८ मीटर कागद लागेल. कागदाखाली चाळलेली माती किंवा जुनी गोणपाटे अंथरावीत, म्हणजे खड्यांनी तो फाटत नाही. पण या कागदाचा एक मोठा दोष आहे. ओला झाल्यावर, आणि त्यावर शेवाळाचा पातळ थर चढल्यावर, तो इतका गुळगुळीत होतो की त्यावर कोणाचीच पकड राहत नाही. रात्री अशा काठाशी बॅटरी घेऊन बसले तर दिसते: पाण्यात पडलेला भेक, म्हणजे जमिनीवर राहणारा बेडूक, पुढचे दोन पाय कागदावर टेकवतो, वीतभर वर येतो, घसरून पुन्हा पाण्यात जातो, आणि हे थकून जाईपर्यंत चालते. भेकाचे आयुष्य बहुतेक जमिनीवर जाते. तासन्‌तास पोहत राहणे त्याला जमत नाही. खार, सरडे, मुंगसाची पिल्ले यांची गत याहून वाईट होते.

म्हणून उताराच्या बाजूचा कागद उघडा ठेवू नये. त्यावर काथ्याची चटई किंवा दुहेरी गोणपाट अंथरून वर हाताच्या पंजाएवढे खडबडीत दगड पसरावेत आणि ते तळापर्यंत न्यावेत. तळापर्यंत नेण्याला कारण आहे: एप्रिल-मेमध्ये बाष्पीभवनाने पाणी निम्म्यावर येते आणि वरच्या वीतभरातच दगड असतील तर खाली पुन्हा गुळगुळीत कागद उघडा पडतो. दगड एकमेकांत अडकवून बसवावेत. पाय ठेवल्यावर हलणारा दगड काढून पुन्हा लावावा. तळे आधीच सरळ भिंतीचे बांधलेले असेल, तर दोन कोपऱ्यांत आडव्या पट्ट्या ठोकलेली, काथ्या गुंडाळलेली फळी तिरकी टाकावी. कठड्याविना विहिरीत बिबट्या पडला की जुन्नर भागात वनखात्याचे लोक शिडी किंवा बाज सोडतात, त्यामागचे तत्त्वही हेच आहे.

ज्यांच्याकडे खरेखुरे शेततळे आहे त्यांनी हाच विचार मोठ्या मापाने करावा. तेथे चारी बाजूंना तारेचे कुंपण आणि कुलूपबंद फाटक तर हवेच. शिवाय प्रत्येक बाजूला दर काही मीटरवर काठाला पक्का बांधलेला, गाठी मारलेला जाड दोर तळापर्यंत सोडावा आणि पाण्यावर हवा भरलेल्या ट्यूब तरंगत ठेवाव्यात. शेततळ्याच्या कागदावरून पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही.

चौथी पायरी: मुलांसाठी अडसर उभारावा

उतार कितीही सौम्य असला तरी लहान मुलासाठी तो पुरेसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी जे उपाय सुचवले आहेत, त्यांत पाण्याकडे जाण्याच्या वाटेवर अडसर घालणे हा एक ठळक उपाय आहे. घरगुती तळ्यासाठी अडसर दोन प्रकारचा असू शकतो.

पहिला प्रकार कुंपणाचा. त्याची उंची किमान १.२ मीटर असावी आणि उभ्या गजांमधील अंतर १० सेंटीमीटरपेक्षा कमी असावे. आडव्या पट्ट्या शक्यतो नसाव्यात, कारण त्यांची शिडी होते. फाटक तळ्याच्या विरुद्ध दिशेला उघडणारे, स्प्रिंगने आपोआप बंद होणारे आणि कडी वरच्या बाजूला असलेले घ्यावे. कुंपणाजवळ कुंडी, खुर्ची, उलटी बादली असे चढायला उपयोगी पडणारे काहीही ठेवू नये. कुंपणाच्या तळाशी सात-आठ सेंटीमीटर फट मुद्दाम सोडावी; मूल त्यातून जात नाही, पण बेडूक, भेक, सरडे आणि साप यांची ये-जा सुरू राहते. विटांची बंद भिंत घातली तर तळे जिवांपासून तुटते आणि मग ते केवळ पाण्याचा हौद उरते.

दुसरा प्रकार पाण्यावरच्या पोलादी जाळीचा. जागा कमी असेल तेथे हा सोयीचा पडतो. वेल्ड केलेली, गंज न चढणारा मुलामा दिलेली, पाच ते आठ सेंटीमीटरच्या चौकोनांची जाळी पाण्याच्या सर्वोच्च पातळीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर बसवावी आणि मध्ये विटांच्या खांबांचा आधार द्यावा. तपासणी सोपी आहे: घरातला धडधाकट माणूस जाळीच्या मध्यभागी उभा राहिल्यावर जाळी पाण्याला टेकता कामा नये. ती टेकली तर त्या जाळीवर पालथे पडलेल्या मुलाचे तोंड पाण्यात जाईल आणि जाळीचा काही उपयोग होणार नाही.

नायलॉनची मासेमारीची जाळी किंवा पक्ष्यांसाठी लावतात ती बारीक जाळी तळ्यावर ताणून मनाचे समाधान करून घेणारे बरेच आहेत. ती वाकते, मुलाचा भार तोलत नाही आणि पडलेल्या मुलाच्या हातापायांत गुंतते. धामण, दिवड असे साप तिच्यात अर्धे शिरून अडकतात आणि उन्हात तडफडून मरतात. खंड्या आणि ढोकरीचे पायही तिच्यात अडकतात. तळ्यावर अशी जाळी घालू नयेच.

कुंपण किंवा जाळी केवळ काही मिनिटांचा अवधी मिळवून देते. देखरेख त्यानंतरही हवीच. पाच वर्षांखालचे मूल पाण्याजवळ असेल तेव्हा मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे आणि त्याच्या हातात फोन नसावा. सर्वांत धोक्याचा दिवस म्हणजे बारसे, मुंज, सत्यनारायण असा घरात माणसे भरलेली असताना येणारा दिवस, कारण त्या दिवशी प्रत्येकाला वाटते की दुसरे कोणीतरी मुलांकडे पाहत आहे. अशा वेळी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळीने एका मोठ्या माणसाचे नाव घेऊन जबाबदारी सोपवावी आणि ‘आता मी बघतो’ असे त्याने तोंडाने म्हणावे. मूल दिसेनासे झाले तर खोल्या, माळा आणि शेजार शोधण्याआधी पाणी पाहावे: तळे, हौद, भूमिगत टाकी, न्हाणीघरातले पिंप, या क्रमाने.

मुलांना तळ्यापासून सतत हाकलत राहिले की त्यांची ओढ वाढते, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा त्यांना सोबत नेऊन पाहू द्यावे. काठावर पालथे झोपून, मोठ्याने कमरेला धरून, पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यातले जीव पाहावेत आणि ते तेथेच परत सोडावेत. ताटलीत चतुराचे पिल्लू सापडले तर त्याला हात न लावता पाहावे: मातकट रंगाचे, सहा पायांचे, खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून डासांच्या अळ्या धरणारे.

पाचवी पायरी: पाणी आणि वीज

सिमेंटचे नवे तळे थेट वापरू नये. ताज्या सिमेंटमधून चुना उतरतो आणि पाणी इतके अल्कधर्मी होते की बेडकांची अंडी त्यात टिकत नाहीत. तळे भरून आठवडाभर ठेवून रिकामे करावे आणि असे निदान तीनदा करावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन एक-दोन दिवस उघड्यावर ठेवल्यास बरेचसे उडून जाते. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम.

कारंज्याचा पंप लावायचा असेल तर १२ व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मरवर चालणारा घ्यावा आणि ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर, कोरड्या जागी ठेवावा. २३० व्होल्टची जोडणी असेल, तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग यांशिवाय ती चालवू नये. पंप साफ करण्यासाठी पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. रात्री तळ्यात दिवे लावण्याची हौस शक्यतो टाळावी, त्याने बेडकांचा आणि रात्रीच्या कीटकांचा दिनक्रम बिघडतो.

सहावी पायरी: वनस्पती, मासे आणि डास

काठाच्या उथळ पाण्यात वेखंड, ब्राह्मी आणि लव्हाळा, मध्यभागी कुमुद किंवा कमळ, आणि पाण्याखाली व्हॅलिस्नेरिया एवढे पुरे आहे. पाणकणीस मोहक दिसते, पण त्याची मुळे अस्तर भेदतात, म्हणून ते कुंडीतच ठेवावे. जलपर्णी कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. ती बघता बघता सगळे पाणी झाकते, पाण्यातला प्राणवायू कमी करते आणि हिरव्या गालिच्याखाली पाणी आहे हे मुलाला कळतही नाही.

डासांबाबत लोकांची भीती रास्त आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. अळ्या आढळल्या तर महापालिकेची नोटीसही येते. नव्या तळ्यात पहिले काही आठवडे डासच आधी येतात, कारण त्यांना खाणारे जीव अजून पोहोचलेले नसतात. या काळात दर आठवड्याला पांढऱ्या ताटलीने पाणी तपासावे आणि अळ्या दिसल्या तर बीटीआय हे जिवाणूजन्य औषध पाकिटावर दिलेल्या प्रमाणात वापरावे. ते डासांच्या अळ्यांवर चालते आणि बेडकांना अपाय करत नाही. रॉकेल, जळके तेल, फिनेल किंवा कीटकनाशक पाण्यात कधीही टाकू नये. बेडूक त्वचेतून पाणी आणि हवा शोषतात, त्यामुळे त्यांना विषाचा फटका सर्वांत आधी बसतो.

आरोग्य खात्याकडून मिळणारे गप्पी मासे सोडावेत का, हा प्रश्न हमखास येतो. गप्पी अळ्या खातात हे खरे, पण ते बेडकांची अंडी आणि लहान चतुरही खातात. माझा कौल असा: दाट वस्तीत डेंग्यूचे रुग्ण निघत असतील तर थोडे गप्पी सोडावेत, अन्यथा मासे न सोडता चतुर आणि बेडकांना वेळ द्यावा. गप्पी आणि डासांच्या अळ्यांसाठीच सोडला जाणारा गॅम्बुसिया मासा दोन्ही परदेशी आहेत, म्हणून तळ्याचे जादा पाणी ओढ्याला मिळत असेल तर त्यांपैकी काहीही पाळू नये. दुकानातून आणलेले लाल कानाचे कासवही सोडू नये. आणि आपली देशी कासवे घरी पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास होते. घरी तळे आहे म्हणून गणपतीचे विसर्जन त्यातच केले जाते. मूर्ती शाडूची असली तरी रंग आणि गाळ पाण्यात उतरतो, आणि प्लास्टरची असेल तर महिनोन्‌महिने तळाशी पडून राहते. विसर्जनासाठी वेगळी बादली किंवा पिंप घ्यावे आणि निर्माल्य खतात टाकावे.

सातवी पायरी: वर्षभराची निगा

तळे शक्यतो उन्हाळ्यात खणून पहिल्या पावसाने भरू द्यावे. जूनमधल्या जोरदार सरींनंतर बेडूक आपोआप येतात. ते कोठून आणून सोडावे लागत नाहीत. भेकाची अंडी वनस्पतींत गुंतलेल्या लांब चिकट दोऱ्यांत, काळ्या मण्यांसारखी ओवलेली दिसतात. झाडबेडकाचे घरटे तर पाण्यावर झुकलेल्या पानाला चिकटलेला पांढऱ्या फेसाचा गोळा असते आणि साबणाचा फेस समजून लोक ते खराट्याने झटकून टाकतात. फेसातून निघालेली पिल्ले खाली पाण्यात पडतात, म्हणून ती फांदी छाटू नये. जून ते सप्टेंबर या काळात तळ्याचा गाळ काढू नये.

गाळ हिवाळ्यात काढावा, तोही एका वेळी एक तृतीयांशच. काढलेला गाळ एक रात्र काठावरच पसरून ठेवावा, म्हणजे त्यातले जीव पाण्यात परत जातात. पावसाळ्यात काठावरच्या फरशांवरचे शेवाळ दर आठवड्याला तारेच्या ब्रशने घासावे, कारण मोठी माणसे घसरतात ती बहुधा तेथेच. जादा पाण्याच्या नळीच्या तोंडाला जाळी लावावी. उंदीर-घुशींचा वावर असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका लक्षात घ्यावा: पायाला जखम असताना पाण्यात उतरू नये आणि तळ्याशी खेळून आल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत.

पाणी आणि बेडूक असतील तेथे साप येणारच. सहसा येतो तो दिवड. तो बिनविषारी आहे, पण डिवचला तर जोरात चावतो. काठाभोवती दोन मीटरपर्यंत गवत आखूड ठेवावे, विटा-लाकडांचा ढीग घराला लागून रचू नये आणि रात्री बॅटरीशिवाय जाऊ नये. साप ओळखता येत नसेल तर तो विषारी आहे असे धरून दूर राहावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. चावला तर बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काहीही न करता थेट रुग्णालय गाठावे.

मूल पाण्यात पडलेच तर

मुलाला बाहेर काढून सपाट, कडक जागेवर उताणे ठेवावे आणि कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगावे. एकटे असाल तर फोन स्पीकरवर लावून काम सुरू करावे. मुलाला उलटे धरून गरगरा फिरवणे, खांद्यावर टाकून धावणे, पोट दाबून पाणी काढणे हे सर्व आपल्याकडे अजून केले जाते. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी व अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. श्वास चालू नसेल तर हनुवटी किंचित वर करून, नाक दाबून, तोंडावाटे पाच श्वास द्यावेत. वर्षाच्या आतील बाळाच्या नाकातोंडावर एकदमच तोंड ठेवावे. त्यानंतर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब आणि दोन श्वास हा क्रम मदत येईपर्यंत थांबू नये. दाब छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल जावा. हे वाचून नीट येत नाही, म्हणून रेडक्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचार वर्ग घरातल्या किमान दोघांनी तळे भरण्यापूर्वीच करून घ्यावा. मूल शुद्धीवर आले, रडू लागले आणि बरे वाटले, तरी त्याला रुग्णालयात नेऊन डॉक्टरांच्या निरीक्षणाखाली ठेवावे, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.